शेत गहाण टाकण्याआधी समासातल्या दोन ओळी वाचा

(कराडच्या एका वडिलांचं पत्र. मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शेत तारण ठेवून तिला ‘पब्लिक डिप्लोमसी’त, म्हणजे परदेशातल्या सामान्य लोकांसमोर आपल्या देशाची बाजू मांडण्याच्या विषयात, मास्टर्स करायला अमेरिकेला पाठवायचं घरात ठरलंय. पुढे ती अमेरिकी वकिलातीत अधिकारी होईल ना, असं ते विचारतात.)

नमस्कार.

तुमच्या तीन पानी पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ जागोजागी आहे. मुलगी काय म्हणते, ते फक्त शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलने: ‘आजोबांच्या ट्रंकेत ‘स्पॅन’चे जुने अंक सापडले. एवढ्या गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं छापून अमेरिकेने ती आपल्याला का दाखवली?’ (‘स्पॅन’ म्हणजे अमेरिकी सरकारचं भारतीय वाचकांसाठीचं नियतकालिक.) मी तिथेच अडकले. हा प्रश्न अभ्यासकाचा आहे. वकिलातीतली खुर्ची तुम्हाला हवी आहे, आणि कर्जाचं ओझं तिच्या डोक्यावर राहणार आहे. हे मला अजिबात पटलं नाही.

अमेरिकी परराष्ट्र सेवेत अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. तिथली पदवी घेतली म्हणून ते मिळत नाही. वकिलातीत भारतीय कर्मचारीही असतात, पण त्या नोकरीसाठी इथूनच अर्ज करता येतो, शेत विकावं लागत नाही. आणि ज्या कामाला तुम्ही कायमची सरकारी भाकरी समजताय, त्याचा इतिहास बघा. ‘स्पॅन’ काढणारी, आपल्याकडे ‘युसिस’ म्हणून ओळखली जाणारी अमेरिकी सरकारची माहिती-प्रसार संस्था १९५३ मध्ये उभी राहिली. एडवर्ड मरो यांच्यासारख्या नामवंत पत्रकाराने ती चालवली. शीतयुद्ध संपलं, खर्च डोळ्यांवर आला आणि १९९९ मध्ये ती परराष्ट्र खात्यात विलीन झाली. दोनच वर्षांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, आणि त्यानंतर महिन्याभरातच जाहिरात क्षेत्रातल्या शार्लट बीअर्स यांनी हे काम हाती घेतलं. दीड वर्षात त्याही गेल्या.

भारताच्याच परराष्ट्र सेवेत जायचा यूपीएससीचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. तिला हवा असेल तरच.

माझं मत विचाराल तर तिला इथेच इतिहासात एम.ए. करू द्या. पुढे पीएच.डी.ची नोंदणी झाली की फुलब्राइट-नेहरू संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येईल. ‘युसिस’चे कागद मेरीलंडमध्ये, कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते वाचायला ती जाईल तेव्हा तिचा प्रश्न सोबत असेल.

ट्रंकेतले अंक रद्दीत घालू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या; टाकण्याआधी वाचायला मागू नका.