"मॅडम, आयडिया कुणी उचलली तर?"

दिवाळीची सुट्टी संपली की कॉलेजांत उद्योजकता स्पर्धांचे वारे वाहू लागतात आणि माझ्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आयडिया सांगितली आणि कुणी उचलली तर?" कधी मुलं विचारतात, कधी त्यांच्या आयांचे फोन येतात. सांगली भागातल्या अभियांत्रिकीच्या मुलांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. या प्रश्नाला पूर्वी जे उत्तर द्यायचे, ते आता देत नाही. एका मुलामुळे ते बदललं. त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिसऱ्या वर्षाचा मुलगा. टीम चौघांची. फॉर्म भरायला दहा दिवस उरलेले आणि ज्याची कल्पना, तोच कुणाला काही सांगेना. मार्गदर्शक सरांनाही नाही. बाकीचे तिघं वैतागून सरांकडे गेले आणि सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं.

तो आला तो सॅक मांडीवर घेऊन बसला. एक हात सारखा चेनवर. झोप लागत नव्हती. रात्री दोन-तीनला जाग यायची, मग लॅपटॉप उघडून फॉर्ममध्ये चार ओळी लिहायच्या आणि पुसून टाकायच्या. मेसमध्ये एकच वेळ जेवत होता.

मी त्याला म्हटलं, "अरे, नुसती आयडिया कुणी चोरत नाही. करून दाखवणं अवघड असतं." स्टार्टअपवरच्या प्रत्येक व्याख्यानात हे वाक्य असतं. तो "हो मॅडम" म्हणाला, उठला आणि पुढच्या भेटीला आलाच नाही. माझं चुकलं होतं. त्याची भीती कुठून आली हे न विचारताच मी ती खोटी ठरवली होती.

मग मीच फोन करून बोलावलं. या वेळी वेगळं विचारलं, "तुमच्या घरात कुणाचं असं काही गेलंय का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग सांगायला लागला. तो आठवीत असताना एका व्यापाऱ्यानं त्यांच्या द्राक्षबागेतला सगळा माल घेतला. दोन दिवस तोडणी चालली, टेम्पो भरून गेले. व्यापारी घरी जेवला, आईनं त्याला पोळ्या वाढल्या. दिलेला चेक वटला नाही आणि फोन लागायचा बंद झाला. "आण्णा आठवडाभर फाटकापाशी फोन धरून उभे असायचे," तो म्हणाला. द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. त्या वर्षानंतर वडिलांनी द्राक्ष विकणं कमी करून बेदाणा करायला घेतला. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो, दर बघून सौद्याला काढता येतो. माल आपल्या ताब्यात राहतो.

त्याची कल्पना बेदाणा वाळवायच्या शेडमधलीच होती. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची आणि पंधरवडाभर वाळवायची. साधारण ४ किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो. मधे अवकाळी आला, हवा दमट झाली की माल काळपट पडतो आणि दर कोसळतो. रात्री दमटपणा वाढला की मोबाइलवर भोंगा वाजवणारं स्वस्त यंत्र त्याला करायचं होतं.

तेव्हा त्यानं सॅकची चेन उघडली. लाल कापडी बांधणीची वही. पानं द्राक्षाच्या रसानं एकमेकांना चिकटलेली, आत दोन हंगामांचे आकडे. तारीख, वेळ, तापमान, दमटपणा, मालाचा रंग. अक्षर वडिलांचं. बहुतेक नोंदी रात्री दोन-तीनच्या. पोराला जाग यायची तीही हीच वेळ होती.

या मुलाला "कुणी चोरत नाही" असं सांगणं म्हणजे त्याच्या घरानं सोसलेलं खोटं ठरवणं होतं. म्हणून मी भीतीशी वाद घालणं सोडलं आणि कोरा कागद पुढे केला. तीन रकाने: कुणालाही सांगता येईल असं, फक्त टीमला सांगायचं, आणि अजून कुणालाच नाही. लिहायचं त्यानंच. चाळीस मिनिटं लागली. पहिला रकाना भरून मागच्या पानावर गेला, कारण अवकाळीत बेदाणा काळा पडतो हे तासगावच्या सौद्यात कुणीही सांगेल. तिसऱ्यात दोनच ओळी उरल्या: वहीतून त्यानं काढलेला दमटपणाचा धोक्याचा आकडा आणि सेन्सर शेडमध्ये नेमका कुठे बसवायचा ती जागा. त्या दोन ओळींकडे तो कितीतरी वेळ बघत बसला.

कायद्याचं मी सांगू नये, ते माझं क्षेत्र नाही. कॉलेजच्या पेटंट विभागातल्या प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच ते सांगून ठेवलंय. यंत्राच्या रचनेत खरंच काही नवं असेल तर पेटंटचा तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. एकट्या व्यक्तीनं ऑनलाइन अर्ज केला तर शुल्क १,६०० रुपये. मात्र अर्जाआधी सगळं जाहीर केलं तर नवेपणावर बोट ठेवता येतं, म्हणून तिसरा रकाना तूर्त झाकूनच ठेव, हे त्यांनीही मान्य केलं. कॉलेजच हक्क सांगेल अशीही त्याला धास्ती होती. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात याचं उत्तर आहे: संस्थेची साधनं मोठ्या प्रमाणात वापरली, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम झालं, तर हक्क सामाईक, एरवी विद्यार्थ्याचा. खरी माहिती मिळाल्यावर त्याचा श्वास जरा मोकळा झाला. अशा वेळी धीर देण्याआधी माहिती द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

टीमसमोर बोलणं जास्त जड गेलं. त्यानं व्यापाऱ्याची हकिकत सांगितली. रूम पार्टनर म्हणाला, "म्हणजे तू मला चोर समजलास." खोलीत कुणी हललं नाही. मी मध्ये पडले नाही. टीममधली मुलगी शेवटी म्हणाली, "आपण लिहूनच ठेवू ना. वही कुणाची, काम कोण काय करणार, कुणी मधेच सोडलं तर काय." अर्धं पान झालं, चौघांनी सह्या केल्या. रूम पार्टनरनंही केली, पण पुढे महिनाभर तो त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता.

वडील एकदा भेटून गेले. "मीच त्याला सांगत आलो, हातातला माल सोडू नको," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण मॅडम, डिपिंगचं प्रमाण मला शेजाऱ्यानं शिकवलं. त्यानं झाकून ठेवलं असतं तर मी कुठं असतो? माल उधार देणं येगळं आणि माहिती देणं येगळं." हे पोरापुढं बोला, एवढंच मी त्यांना म्हटलं. त्या शनिवारी ते शेडवर बसून त्याच्याशी बोलले. माझ्या सगळ्या भेटींपेक्षा त्या संध्याकाळचा उपयोग जास्त झाला असावा.

पालकांनो, मूल आयडिया लपवतंय म्हणून लगेच घाबरू नका आणि त्याला हसूही नका. पण दोन आठवडे झोप आणि जेवण बिघडलेलं असेल, मित्र तुटत असतील, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे पाठवा. कॉलेजात सोय नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला. फेब्रुवारीत दुसऱ्या फेरीत परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "रात्री दोनला भोंगा वाजला, तर शेडवर प्लास्टिकचा कागद ओढायला कोण उठणार?" याला उत्तर नव्हतं. पुढच्या फेरीत त्यांचं नाव आलं नाही.

रविवारी चौघं गावाकडच्या शेडवर फिरले. पहिला माल नुकताच जाळ्यांवर चढला होता. एका शेडवरच्या मावशी म्हणाल्या, "भोंगा नको रं बाबा. रात्री मजूर कुठनं आणू? पाऊस येणार का ते दुपारी चारला सांग, माणसं हायत तवर." आता ते त्यावर काम करताहेत.

गेल्या आठवड्यात तो येऊन गेला. सॅक दाराजवळच ठेवली होती. मी वहीबद्दल विचारलं.

"रूम पार्टनरकडं आहे मॅडम. तो आकडे एक्सेलमध्ये भरतोय. आण्णांचं अक्षर लागत नाही म्हणून रोज रात्री त्यांना फोन करतो."