ट्रॉम्बोन की युफोनियम: नळी तेवढीच लांब, मग आवाज वेगळा का?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात घरी भावगीतं, अभंग वाजवायला ट्रॉम्बोन घ्यावा की युफोनियम (दोन्ही पितळी फुंकवाद्यं), आणि दोन्हींचा मूळ स्वर बी फ्लॅट, नळीही सुमारे नऊ फूटच, तर आवाज इतका वेगळा कसा?

'ट्रॉम्बोनला स्लाइड (सरकवायची नळी), युफोनियमला व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा)' एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. खरी गोम नळीच्या पोकळीत आहे. ट्रॉम्बोनची नळी बराच पल्ला एकसारख्या जाडीची असते, भोंग्याकडे येऊन फुलते. युफोनियमची नळी, व्हॉल्व्हचा भाग सोडला तर, आधीपासूनच रुंदावत जाते. हळू वाजवलं तर दोन्ही बरीच जवळची वाटतात. जोर वाढला की एकसारख्या नळीत हवेच्या दाबाची लाट पुढे जाता जाता तीक्ष्ण होते, वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच स्वर) उसळतात आणि ट्रॉम्बोनचा आवाज पितळी, धारदार होतो. रुंदावणाऱ्या नळीत लाट पसरत जाते, म्हणून युफोनियम जोरातही गोलच राहतो. नावाचा मूळ ग्रीक अर्थही 'गोड आवाजाचा'. दुकानात एकच बी फ्लॅट आठ मात्रांत अगदी हळू ते पूर्ण जोर असा वाढवून बघा, लगेच कळेल.

भोंग्याची दिशाही मोजा. ट्रॉम्बोनचा भोंगा समोरच्याकडे, युफोनियमचा वर. घरात स्लॅबवरून परतलेला युफोनियम घुमतो. कमाटी बागेतल्या बँडस्टँडसारख्या उघड्या जागी तोच मागे पडतो. वरघोड्यात (वरातीत) तर ट्रॉम्बोनच पुढे ऐकू येतो.

'गोड आवाज म्हणजे आपल्या गाण्याला युफोनियम' हे मात्र अर्धंच खरं. मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात सरकत जाणं, ट्रॉम्बोनची. व्हॉल्व्ह अर्धवट दाबून तसं काही करता येतं, पण आवाज घुसमटतो. ट्रॉम्बोनलाही मर्यादा आहे: एका ओढीत जास्तीत जास्त सहा अर्धस्वर, म्हणजे सा ते तीव्र म. पंचम त्याच ओढीत येत नाही, ओठाने उडी मारावी लागते. नवखे इथे हमखास चुकतात. एफ हा सा धरला तर तो स्लाइडच्या पहिल्या जागेवर घेतात, तिथे स्लाइड पूर्ण आत, बंद असते आणि वर सरकायला काही उरतच नाही. तोच एफ सहाव्या जागेवर घ्या: पाचवीवर कोमल रे, चौथीवर रे, तिसरीवर कोमल ग, दुसरीवर ग, पहिलीवर म, सगळं एका ओढीत. पहिल्या-दुसऱ्या जागेत सुमारे ८ सेंटिमीटर अंतर असतं आणि पुढे ते वाढत जातं. या जागांवर खुणा नसतात, कानच लागतो. शिवाय मींड नको तिथे 'द' म्हटल्यासारखी हलकी जीभ लावावी लागते, नाहीतर प्रत्येक स्वर ओघळतो.

जलद ताना, सलग जोडलेले स्वर बोटांनी सहज निघतात, म्हणून अभंगाच्या चालीला युफोनियम सोपा. फक्त तीन व्हॉल्व्हचा असेल तर १ आणि ३ एकत्र दाबल्यावर स्वर चढतो, तिन्ही दाबल्यावर आणखी. चौथा व्हॉल्व्ह असेल तर १-३ ऐवजी तो वापरा. कॉम्पेन्सेटिंग मॉडेलमध्ये (ही युक्ती डेव्हिड ब्लेकली या वाद्यतंत्रज्ञाची, १८७४ सालची) जास्तीच्या नळ्या ही चूक भरून काढतात, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

माझा कौल: हार्मोनियमशिवाय सूर लावता येत असेल आणि मींडीची ओढ असेल तर ट्रॉम्बोन. नाहीतर युफोनियम.

माउथपीस मात्र दोन्हींना एकच लावून तुलना करू नका. माउथपीसचा वाद्यात बसणारा दांडा बारीक आणि जाड असा वेगवेगळा येतो. बारीक दांडा वाद्याच्या जाड तोंडात डगमगतो, जाड दांडा बारीक तोंडात पुरता बसत नाही, दोन्हीकडे सूर बिघडतो. शिवाय युफोनियमच्या माउथपीसच्या खोल वाटीने ट्रॉम्बोनची धार बोथट होते आणि मग लोक म्हणतात, 'फरकच नाही'.

जुना ट्रॉम्बोन घेत असाल तर तो उभा धरा, स्लाइडचं कुलूप काढा, खाली तळहात ठेवा आणि बाहेरची स्लाइड हळूच सोडा. ती मध्येच अडली तर पोचा आहे किंवा नळ्या समांतर नाहीत. ते सरळ करण्याचा खर्च विचारूनच भाव करा.