कलालीबाहेरचं बाकडं

प्रश्न : ताई, माझं लहानपण इंदूरला कुलकर्णी भट्ट्यात गेलं. बाबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते. पाळी सुटली की ते मिलजवळच्या अहात्यात, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागेत, बसत. कधीमधी मलाही सोबत नेत. मी बाकावर पाय हलवत फुटाणे खायचो आणि त्यांच्या मित्रांच्या गप्पा ऐकायचो. बाबा पीत, पण घरी आवाज चढवलेला मला आठवत नाही. 2016 मध्ये ते गेले. गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना अहात्याची इमारतही पाडली. मी पुण्याहून गेलो तेव्हा तिथे नुसती खडी पसरलेली होती. मला त्या जागेवर लिहायचं आहे. बहीण म्हणते, ‘दारूच्या गुत्त्याचं कसलं कौतुक?’ आई तर विषय निघाला की उठून आत जाते. लिहू की नको?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लिहा. मात्र बहिणीला खोटं पाडण्यासाठी लिहू नका, आणि आईशी बोलल्याशिवाय कागदाला पेन लावू नका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण ती जागा मला ठाऊक आहे. मी परदेशीपुऱ्यात वाढले. माझे मामा मालवा मिलच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आमच्या वेळी तिला कलालीच म्हणत, अहाता हा शब्द मागून आला. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, मधल्या चौकात कडुनिंब, आणि दाराबाहेर एक लांब बाकडं. तुम्ही आत बसलात. मी बाहेरच्या बाकड्यावर बसलेली मुलगी आहे.

पगाराच्या दिवशी मामी मला पाठवायची. स्वतः तिथे जाऊन उभं राहायची तिला लाज वाटे, आणि लहान मुलीला मामा परत पाठवणार नाहीत हे तिला माहीत होतं. बाकड्यावर अशी पाच-सात मुलं असायची, बहुतेक मुलीच. कलाल, म्हणजे दुकानाचा दारूवाला, आम्हाला कागदाच्या पुडीत लवंगेची जाडी शेव द्यायचा आणि आत हाक मारायचा, ‘‘साचेवाले, छोरी आई है!’’ मामा बाहेर येत, पगाराचं पाकीट माझ्या फ्रॉकच्या खिशात घालत आणि वरून सेफ्टी पिन लावत. ‘‘सरळ घरी जा, कुठे थांबून राहू नको.’’ रस्त्याने मी खिसा चाचपत जायची. पाकिटाच्या जाडीवरून मला घर यायच्या आधीच कळे, आज मामी रडणार की नाही.

म्हणून तुमच्या बहिणीचा राग मला परका वाटत नाही. तुमच्या पत्रात बाबा तुम्हाला आत नेत असं आहे. तिला नेलं असं कुठे नाही. ती तेव्हा कुठे होती, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का?

आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तीही तितकीच खरी आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत. तीन पाळ्यांमुळे एक झोपायला आला की दुसऱ्याने उठायचं. त्या माणसांना पाय पसरून बसायला दुसरी जागा नव्हती. खानदेशातून, बऱ्हाणपुराकडून आलेले, उत्तरेकडचे भय्ये, निमाडी, माळवी, सगळे त्या कडुनिंबाखाली बसत. मामांना अहिराणी तिथेच येऊ लागली. एक वाचता येणारा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, ‘नई दुनिया’ हे हिंदी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. कामगारांचे पुढारी होमी दाजी 1962 साली इंदूरहून लोकसभेत गेले, त्या निवडणुकीच्या सभांचे किस्से मामा पुढे तीस वर्षं सांगत, आणि प्रत्येक किस्सा त्यांनी ऐकलेला असे तो त्या बाकांवर.

आणि झाँकी! अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झाँक्या, म्हणजे हलत्या देखाव्यांच्या सजवलेल्या गाड्या, निघतात. ती परंपरा शंभर वर्षांच्या घरात आहे. आपण आईच्या कडेवर बसून हलणारे हत्ती, फिरणारं सुदर्शन चक्र पाहिलं. पण हत्तीची सोंड वर जायला कोणता गिअर लावायचा, हे भांडण आधी महिनाभर कलालीत चाललेलं असे. कोळशाने फरशीवर आकृती काढायची, दुसऱ्याने पायाने पुसायची आणि आपली काढायची. तुमचे बाबा फिटर होते म्हणता, तर त्या कोळशाच्या रेघांत त्यांचा हात असणारच. हे तुम्ही आत बसून पाहिलं असेल, तर ते दुसरं कोण लिहिणार?

हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. पुढचं तुम्ही स्वतः भोगलंत, मी बाहेरून पाहिलं तेवढं सांगते. भोंगा थांबला तरी चार दिवस लोक म्हणत होते, उघडेल, थोडा वाद आहे, उघडेल. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई फी मागे राहिली म्हणून सांगायला आली. म्हणाली, ‘‘बाई, मिल आता नाही उघडत. कलालाने उधारी बंद केली.’’ युनियनचे लोक, वकील, वर्तमानपत्र, कुणाच्याही आधी बायकांना ते त्या उधारीवरून कळलं होतं. कलालाच्या उधारीच्या वहीत नावं नसत, मिलचे टोकन नंबर असत, कारण एकेका नावाची चार-चार माणसं. पानंच्या पानं नंबर, आणि त्यापुढे कधीच न फिटलेल्या रकमा.

त्यानंतर तिथे पिणारे कमी आणि नुसतेच बसणारे जास्त झाले. थकलेल्या पैशांच्या खटल्याची कोर्टाची तारीख कळायची ती तिथे. कुणी रिक्षा घेतली, कुणी सियागंजात हमाली धरली, कुणी गेला, हेही तिथेच कळायचं. रविवारी सकाळी मिलच्या गेटवर सभा, तिथून परतताना कडुनिंबाखाली. अशी बत्तीस वर्षं. 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 224 कोटींच्या थकबाकीचा चेक निघाला, जवळपास 4,800 कामगारांसाठी. तुमच्या बाबांसारखे कितीतरी त्याच्या आधीच गेलेले. मला त्या बातमीने आनंद झाला नाही, राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

त्याच वर्षी 1 एप्रिलपासून मध्य प्रदेशातले सगळे अहाते सरकारने बंद केले. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. मामीला आठवून आहे. पण त्या दिवसापासून दारातल्या अंडेवाल्या काकूंचा धंदाही बसला. नवरा मिलमध्ये होता, मिल गेल्यावर दोन वर्षांनी तोही गेला. तेव्हापासून त्या अहात्याच्या दारात उकडलेली अंडी, खारे दाणे आणि कांदा-लिंबू विकत. त्यांनी दोन मुली त्याच पाटीवर शिकवल्या. मी गेल्या महिन्यात त्यांना भेटले. म्हणाल्या, ‘‘मी पिणाऱ्याला कधी वाईट नाही म्हटलं, न चांगलं. एकाने पैसे बुडवले नाहीत माझे.’’ इमारत पाडली त्या दिवशी त्या समोरच्या फुटपाथवर दिवसभर बसून होत्या. कडुनिंब संध्याकाळी पडला, असं त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं त्या झाडाच्या सावलीत धंदा केला, म्हणून लाकूड न्यायला लोक आले तेव्हा त्यांनी एक फांदी मागून घेतली. ती त्यांच्या खोलीत दाराच्या वर बांधलेली आहे.

हे सगळं मिळून ती जागा होती. तुम्ही फक्त फुटाणे आणि गप्पा लिहाल तर बहीण पहिल्याच पानावर वही मिटेल. तिला हक्क आहे. आणि तिने फक्त गुत्ता म्हणून लिहिलं तर तुमचे बाबा त्यात सापडणार नाहीत.

तेव्हा इंदूरला या, चार दिवस तरी राहा. आईला ‘बाबा तिथे काय करायचे’ असं विचारू नका, ती आत गेलीच नाही तर काय सांगेल? विचारा, ‘पगाराच्या दिवशी तू कुठे उभी राहायचीस? शेजारी कोण असायचं?’ मिलच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या बायकांचीही एक ओळख-पाळख होती. कुणाच्या पदराखाली डबा, कुणाच्या कडेवर पोर, आणि एकमेकींना उसने दिलेले दोन-पाच रुपये. आईला आठवेल. लगेच नाही बोलणार कदाचित. भाजी निवडताना विचारा, समोर वही उघडून बसू नका. बहिणीला फोन करून एवढंच विचारा की ती कधी बाकड्यावर बसली होती का. हो म्हणाली, तर ते प्रकरण तिलाच लिहू द्या, तिच्या शब्दांत. तुम्ही त्यात दुरुस्ती करू नका.

अंडेवाल्या काकू आता पाटणीपुऱ्याकडे संध्याकाळी गाडी लावतात. त्यांना बाबांचं नाव सांगून उपयोग नाही, त्या नावाचे पुष्कळ होते. आईकडून टोकन नंबर विचारून घ्या, तिला पाठ असेल. काकूंना तो नंबर आणि ‘फिटर’ एवढं सांगा.