पिवळा रंग ऐकू येतो का हो?

प्रश्न : रशियन चित्रकार कांडिन्स्कीचं 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' हे चित्र नेटवर पाहिलं. म्हणे संगीताचा कार्यक्रम ऐकून काढलंय. मला तर पिवळा डबा लवंडल्यासारखं दिसलं. त्याच्यासोबत राहणाऱ्या चित्रकार गाब्रिएले म्युंटरची निसर्गचित्रं मात्र लगेच कळली, डोंगर तो डोंगरच. संगीताचं चित्र असं खरंच काही असतं का, की आपण उगाच माना डोलवायच्या?

उत्तर : माझंही पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं, पाच सेकंदांत पुढे सरकायला झालं. पण परत एकदा उघडा आणि पिवळा सोडून आधी तो मोठा काळा आकार बघा, तो ग्रँड पियानो आहे. खाली डावीकडे वाकलेल्या रेषा आणि रंगाचे ठिपके आहेत ना, ते पुढे झुकून ऐकणारे लोक, आणि मधले दोन पांढरे पट्टे म्हणजे हॉलचे खांब. दिसलं? जानेवारी १९११ च्या सुरुवातीला म्युनिकमध्ये शोनबर्ग या संगीतकाराच्या संगीताचा कार्यक्रम झाला, तो ऐकून आल्यावर कांडिन्स्कीने आधी स्केचेस केली, त्यात पियानो आणि माणसं बऱ्यापैकी ओळखू येतात, मग रंगवताना ती विरघळत गेली आणि पिवळ्याने जागा घेतली.

आता गंमत बघा, 'इम्प्रेशन' हे नाव तो कशाला द्यायचा, तर बाहेरच्या निसर्गाचा थेट ठसा उमटलेल्या चित्राला. म्हणजे ही कॉन्सर्ट त्याने डोंगर-झाडांच्याच खात्यात टाकली! संगीत वेगळं, निसर्ग वेगळा असं त्याच्याकडे नव्हतंच मुळी.

आणि म्युंटरचा डोंगर तरी कुठे जसाच्या तसा असतो. आल्प्सच्या पायथ्याशी मुर्नाउ नावाचं गाव आहे, तिथे हे दोघं १९०८ मध्ये गेले, पुढच्या वर्षी म्युंटरने तिथे घर घेतलं, आणि कांडिन्स्की रशियन म्हणून गावकरी त्या घराला 'रशियन घर' म्हणायला लागले. त्या भागात काचेच्या मागच्या बाजूने चित्रं काढायची जुनी पद्धत होती. त्यात सगळं उलटं, साध्या चित्रात सगळ्यात शेवटी करायची ती रेघ इथे सगळ्यात आधी, मग तिच्या मागून सपाट रंग भरायचा, आणि चूक झाली की झाली. म्युंटर ते शिकली आणि तिच्या कॅनव्हासवरचे डोंगरही तसेच झाले, जाड काळी रेघ, आत एकच निळा, सावलीबिवली काही नाही. निसर्गाची नक्कल सोडून त्याचा अर्क द्यायचा, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. दोघंही वस्तू गाळतच होते, ती जरा आधी थांबली इतकंच, आणि खरं सांगू, मला तिचं थांबणं जास्त आवडतं.

प्रश्न : पिवळा म्हणजे ट्रम्पेट, फिकट निळा म्हणजे बासरी, गडद निळा म्हणजे चेलो (व्हायोलिनसारखंच पण मोठं तारवाद्य) असं वाचलं. हे पाठ करून चित्र बघायचं का?

उत्तर : नको! लिहिलंय कांडिन्स्कीनेच, तो स्वतः लहानपणी चेलो वाजवायचा, त्यामुळे हवेतल्या गप्पा नाहीत त्या. पण वरच्या कॉन्सर्टमध्ये तारवाद्यांचं क्वार्टेट होतं, पियानो होता, गायन होतं, ट्रम्पेट नव्हताच. तरी अर्धं चित्र पिवळं. मग काय सोडवणार तक्त्याने?

प्रश्न : दोघं नवरा-बायको होते का?

उत्तर : नाही, लग्न झालंच नाही. १९०२ मध्ये ती त्याच्याकडे शिकायला आली तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, १९११ मध्ये घटस्फोट झाला तरी यांचं काही झालं नाही. १९१४ ला युद्ध लागलं, रशियन म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली, १९१६ मध्ये स्टॉकहोमला शेवटची भेट, आणि १९१७ मध्ये त्याने मॉस्कोत दुसऱ्याच बाईशी लग्न केलं. एवढं होऊनही नाझींच्या काळात, जेव्हा असली चित्रं जप्त व्हायची, तेव्हा म्युंटरने त्याची चित्रं मुर्नाउच्या घराच्या तळघरात लपवून ठेवली. १९५७ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, तिने तो सगळा ठेवा म्युनिकच्या लेनबाखहाउस म्युझियमला देऊन टाकला. तो पिवळा डबाही त्यातलाच.