डबा घेऊन रंकाळ्यावर बसलेल्या भावास

"ताई, मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचा ऑपरेटर आहे. वय 34. सहा महिने झाले, पहाटे तीनला जाग येते आणि पोटात गोळा येतो. मशीनवर उभा असताना दोनदा छाती एवढी धडधडली की वाटलं, संपलं आता. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कामात लक्ष लागत नाही. गेल्या महिन्यात मशीनमध्ये हत्याराच्या मापाचा ऑफसेट चुकीचा टाकला, अकरा जॉब (तयार होणारे सुटे भाग) रिजेक्ट झाले, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर चार दिवस डबा घेऊन घरातून निघालो आणि रंकाळा तलावावर बसून राहिलो. डबा कुत्र्यांना घातला, शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी आलो. बायकोला माहीत नाही. आई म्हणते, गड्यासारखा गडी तू, मन घट्ट कर. घराचा हप्ता आहे, पोरगी दुसरीत आहे. कधी कधी वाटतं, सकाळ उजाडूच नये. नोकरी सोडू का असंच ढकलू?"

भाऊ,

सकाळ उजाडू नये, हे वाक्य तुम्ही हप्ता आणि पोरीच्या शाळेमागे हळूच ठेवलंय. मी तिथूनच सुरुवात करते. जीव द्यावा असा विचार मनात येतो का? कुठे, कसा, इथपर्यंत तो जातो का? उत्तर हो असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि बायकोला हाक मारा. ती झोपली असेल तर उठवा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. सोबत कुणीतरी येईपर्यंत एकटे राहू नका, आणि रंकाळ्याकडे तर जाऊच नका.

आता बाकीचं. मी डॉक्टर नाही, निदान करणार नाही. पण पहाटेची जाग, लक्ष न लागणं, विनाकारण छाती धडधडणं आणि हे सगळं सहा महिने टिकून राहणं, याला नुसतं टेन्शन म्हणून सोडून देता येत नाही. नैराश्य आणि चिंतेचा आजार बऱ्याचदा जोडीनं येतात आणि दोन्हींवर औषध आहे. त्या अकरा जॉबांबद्दल तुम्ही स्वतःला फार बोललाय. नैराश्यात एकाग्रता आणि लक्षात ठेवणं दोन्ही कमी होतं. ऑफसेटचं प्लस-मायनस चुकणं हेही त्या आजाराचंच लक्षण असू शकतं. तुमचं हातातलं कसब गेलंय असं मला अजिबात वाटत नाही.

आईंवर रागावू नका. आपल्याकडे पेठेत पैलवानाचा खांदा निखळला तर सगळी तालीम त्याला उचलून नेते, महिनाभर वस्ताद त्याला हौद्यात पाय ठेवू देत नाही. त्याच पैलवानाची झोप उडाली तर मात्र त्याला मन घट्ट करायला सांगतात. माझा थोरला भाऊ उद्यमनगरात लेथवर होता. तो असाच गप्प झाला तेव्हा आम्ही त्याला देवऋषाकडे नेलं, अंगारे लावले, लग्न केलं की सुधारेल म्हणालो. त्यात दोन वर्षं गेली. पुढे एका डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या महिन्यात तो परत लेथवर उभा राहिला. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुमच्याशी एवढं आग्रहानं बोलतेय.

नोकरी सोडू का, असं विचारलंत. आत्ता सोडू नका. या आजारात पुढचं सगळं काळंच दिसतं, आणि तशा नजरेनं घेतलेला निर्णय बरं झाल्यावर आपलाच वाटत नाही. शिवाय नोकरी गेली तर हप्त्याची काळजी तर वाढेलच, आणि सकाळी उठायला असलेलं एक कारणही जाईल. पण असंच ढकलत राहा, असंही मी म्हणणार नाही. तुम्ही सध्या दोन कामं करताय. एक मशीनवरचं, दुसरं लपवण्याचं. रिकामा डबा घेऊन वेळेवर घरी पोचायचं, हसायचं, कामावर काय झालं हे रचून सांगायचं, यानं माणूस आठ तासांच्या शिफ्टपेक्षा जास्त दमतो. सोडायचंच असेल तर हे दुसरं काम आधी सोडा.

पगाराची चिठ्ठी काढून बघा. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची 0.75 टक्के कपात दिसते का? पगार 21,000 पर्यंत असेल तर ती व्हायला हवी, ठेकेदाराकडे असलात तरी. कपात होत असेल आणि सहा महिन्यांच्या वर्गणी काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. सुरुवातीचे दोन दिवस त्यात सहसा धरत नाहीत. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. मनाचा आजारही आजारच आहे. हे चार दिवस तुम्ही रंकाळ्यावर बिनपगारी, भीतीत काढलेत. तेच दाखल्यावर, घरी, औषध घेत काढता आले असते. हा तुमच्या वर्गणीचा पैसा आहे, मागताना लाजू नका.

उपचारासाठी ईएसआयच्या दवाखान्यातून पुढे पाठवायला सांगा, किंवा सरळ सीपीआरला जाऊन मानसोपचाराचा केसपेपर काढा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी12 तपासायचं का, हेही विचारा. त्यातल्या काहींच्या कमी-जास्तीनंही असाच थकवा आणि धडधड होते. मावा आणि दिवसाचे सहा-सात चहा होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, तंबाखू आणि चहा दोन्हींनी धडधड वाढते. झोप लागावी म्हणून क्वार्टर घेत असाल तर ती बंद करायला लागेल, दारूनं लागलेली झोप पहाटे मोडते. अंगाला सवय लागली असेल तर एकदम न तोडता डॉक्टरांना विचारून बंद करा.

नैराश्याची गोळी दुसऱ्या दिवशी लागू पडत नाही. दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते, आणि नेमके याच वेळी लोक गोळ्या सोडून देतात. तुम्ही सोडू नका, डॉक्टरांना सांगा. त्या काळात जिवाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या किंवा धडधडीच्या तात्पुरत्या गोळ्या वेगळ्या, त्यांची सवय लागू शकते. कुठली गोळी कशाची आणि किती दिवस, हे कागदावर लिहून घ्या.

आणि तुम्ही मशीनवर काम करता हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. काही गोळ्यांनी गुंगी येते. मशीनच्या फिरत्या चकसमोर आणि हायवेवर मोटरसायकल चालवताना गुंगी परवडणारी नाही. पहिले काही दिवस सुट्टी, नाहीतर इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवा असं सांगता येईल. धडधड परत आली तर मशीन थांबवायचं फीड होल्डचं बटण दाबा, दोन पावलं मागे या, शेजारच्याला हात करा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. अशी लाट साधारण दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. तुमचा ईसीजी नॉर्मल आहे हे त्या वेळी आठवा. पण दुखणं नवं वाटलं, हाताकडे-जबड्याकडे गेलं, घाम फुटला, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

सुपरवायझरला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. डॉक्टरही तुमच्या परवानगीशिवाय कंपनीला ते सांगू शकत नाहीत, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. एवढंच म्हणा, "साहेब, तब्येतीचं औषध चालू आहे, दोन महिने रात्रपाळी नको, डॉक्टरांचं पत्र देतो." दर आठवड्याला बदलणारी पाळी झोपेचं पार वाटोळं करते, म्हणून एवढी एक सवलत मागाच. ते नाही म्हणू शकतात, सगळे साहेब समजून घेणारे नसतात. तसं झालं आणि बरं झाल्यावरही तिथे पाय टाकवेना, तर नोकरी बदलायचा विचार तेव्हा करू. सीएनसी येणाऱ्या माणसाला शिरोलीत, कागलला दारं आहेत. पण शोधायचं ते बरं झाल्यावर, शांत डोक्यानं.

राहिल्या वहिनी. त्यांना कसं सांगायचं ते पत्रात विचारलं नाहीत, पण अडलंय ते तिथेच. पोरगी झोपल्यावर सांगा. नैराश्य, चिंता असले शब्द सुचले नाहीत तर राहू देत, रंकाळ्याचंच सांगा. चार दिवस कुठे होतो, डबा कुणाला घातला. त्या रडतील, कदाचित खोटं बोललात म्हणून चिडतीलही. चिडू द्या, उठून जाऊ नका. मग म्हणा, मला दवाखान्यात यायला सोबत पाहिजे.

सीपीआरच्या ओपीडीत गर्दी असते, दुपार होईल. त्यांना म्हणावं, डबा दोघांचा भरा.

तुमची,
ताई