नाताळातल्या तीन रात्री की संक्रांतीआधीच्या दोन?

बेळगावच्या शहापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. २७ डिसेंबरला त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. इतक्या वर्षांत नवरा-बायको दोघंच असे कुठे हॉटेलात राहिलेले नाहीत. मुंबईत फोर्टमध्ये जुन्या इमारतीतलं चौदा खोल्यांचं एक बुटीक हॉटेल त्यांनी हेरून ठेवलंय, तीन रात्रींसाठी. पैसे पिग्मीचे. ब्लाऊज शिवून रोज दीडशे रुपये त्या सोसायटीच्या (पतसंस्थेच्या) एजंटाकडे भरतात आणि डिसेंबरात वर्ष पुरं होतंय. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. त्यांचं म्हणणं, डोंबिवलीला सख्ख्या बहिणीचं घर असताना हॉटेलात पैसे कशाला घालायचे? त्यात पिको-फॉलचं मशीन घ्यायचं राहिलंय, दुकानदार १८,००० सांगतोय. ताई विचारतात, हौस करू की मशीन घेऊ?

ताई, दोन्ही होईल. फक्त तुम्ही धरलेल्या तारखांना आणि त्या भावात होणार नाही.

आधी यजमानांच्या मुद्द्याचं बोलते. मी या खर्चाला उधळपट्टी म्हणणार नाही. पैसे तुमच्या कष्टाचे आहेत, साठवलेले आहेत, त्यासाठी कुणाकडून उसने घ्यायचे नाहीत आणि हा खर्च दरवर्षीचाही नाही. नणंदेकडे राहणं फुकट पडेल हे खरं, पण ती सहल वेगळी. तिथे तुम्ही सकाळी उठून स्वयंपाकघरातच शिरणार, आणि डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने जायला तासाभराच्या वर लागतो, तेवढाच यायला. फोर्टात राहिलात तर जहांगीर आर्ट गॅलरी, वस्तुसंग्रहालय, गेटवे हे सगळं पायी होतं. भाड्यातले बरेचसे पैसे या जागेचेच असतात. नणंदेला वाईट वाटू नये म्हणून परतीच्या दिवशी दुपारी कुंद्याचा डबा घेऊन तिच्याकडे जेवायला जा. आणि हे तिला फोन करून आधीच सांगा, तिसऱ्याकडून कळू देऊ नका.

आता हिशेब. रोजचे दीडशे म्हणजे वर्षाचे ५४,७५०. वरचं व्याज मी धरत नाही, पिग्मीत ते थोडंच मिळतं. तुम्ही खोली ७,९०० ने तीन रात्री म्हणजे २३,७०० धरलेत, बसचे जाऊन-येऊन दोघांचे ४,००० आणि खाणं-फिरणं १०,०००. एकूण ३७,७००. यात कर धरायचा राहिलाय. वेबसाइटवर ठळक आकडा कराशिवायचा असतो, कर शेवटच्या पानावर दिसतो.

हा कर नीट समजून घ्या, कारण तुमची खोली नेमकी त्याच्या उंबरठ्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो (आधी १२ होता). ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के, आणि तो वरच्या चारशेवर नाही, पूर्ण भाड्यावर. म्हणजे तुमची ७,९०० ची खोली पडते ९,३२२ ला. हीच खोली ७,४०० ला मिळाली तर ७,७७० ला पडेल. भाडं पाचशेने उतरलं, पण तुमच्या खिशातले दीड हजार वाचले. म्हणून हॉटेलवाल्याशी बोलताना "थोडं कमी करा" असं मोघम म्हणू नका, "साडेसात हजारांच्या आत बसवा" असं स्पष्ट सांगा. नाश्ता धरून भाव वर जात असेल तर नाश्त्याशिवायचा भाव विचारा. फोर्टात इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा कितीतरी स्वस्तात होतो.

कर धरला तर तुमची तीन रात्रींची सहल ४१,९६६ वर जाते. हातात जेमतेम तेरा हजार उरतात. मशीन राहिलंच.

म्हणून तारीख हलवा. नाताळ ते एक जानेवारी हे हॉटेलांचे सर्वांत महाग दिवस. तुम्हीच लिहिलंय की तीच खोली जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ६,४०० ला दिसते. ५ टक्के धरून ती ६,७२० होते, दोन रात्रींचे १३,४४०. बसचे ४,०००, खाण्या-फिरण्याचे ७,०००. एकूण २४,४४०. उरले ३०,३१०. त्यातून मशीनचे १८,००० गेले तरी बारा हजारांवर शिल्लक राहते. या दिवसांत धनुर्मासामुळे लग्नं फारशी नसतात, तुमच्याकडे शिवणही कमी असणार. २७ डिसेंबरला घरी सासूबाईंच्या हातून ओवाळून घ्या, मुलीला घेऊन कपिलेश्वराला जाऊन या. मुंबई दोन आठवड्यांनी.

तिसरी रात्र सोडताना जिवावर येईल, कळतं मला. पण नाताळातल्या त्या तीन रात्रींपायी मशीन पुढच्या वर्षावर जातं. तुम्ही महिन्याला पन्नासेक साड्या पिको-फॉलला बाहेर देता, साडीमागे चाळीस रुपये. म्हणजे महिन्याला २,००० दुसऱ्याला जातात. दोरा-विजेचा थोडा खर्च सोडला तर मशीनचे पैसे नऊ-दहा महिन्यांत वसूल. संक्रांतीनंतर लग्नसराई पुन्हा सुरू होते, त्याआधी मशीन घरात हवं. पिग्मी सुटली की पहिलं काम मशीनची ऑर्डर, मग हॉटेल.

वार कुठला, तेही बघा. फोर्टात ऑफिसच्या कामाला येणाऱ्यांची गर्दी आठवड्याच्या मधल्या दिवसांत असते, फिरायला येणाऱ्यांची शुक्रवार-शनिवारी. रविवारची रात्र बहुतेक वेळा स्वस्तात मिळते. शनिवारी रात्री बेळगावातून स्लीपरने निघालात तर रविवारी सकाळी पोचाल, रविवार-सोमवार राहून मंगळवारी परत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. सकाळी सात वाजता पोचून खोली दुपारी मिळते. लवकर देणार का, निदान बॅगा ठेवून अंघोळीची सोय होईल का, हे आधी विचारा. लहान हॉटेलात रिकामी खोली असेल तर बऱ्याचदा जास्त पैसे न घेता देतात.

लहान हॉटेलाची आणखी एक गोष्ट. चौदा खोल्या म्हणजे चौदाही वेगळ्या. फोटो सर्वांत सुंदर खोलीचा असतो. तुम्हाला मिळणारी खोली कदाचित मागच्या गल्लीकडे उघडणारी, किंवा खिडकीच नसलेली असू शकते. जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही आणि यजमानांच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे थेट फोन करा, कितव्या मजल्यावरची, कुठल्या बाजूची खोली हे ठरवून घ्या आणि मेसेजवर लिहून मागा. वेबसाइटला द्यावं लागणारं कमिशन वाचत असल्यामुळे थेट बोलणाऱ्याला ते भाव कमी करून देऊ शकतात. फोन नंबर मात्र हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. शोधल्यावर वर दिसणारे नंबर कधी कधी भामट्यांचे असतात. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका.

"पैसे परत नाहीत" या अटीची स्वस्त खोली तुम्ही घेऊ नये. घरी सासूबाई ७८ वर्षांच्या, आणि मुलीची इंजिनिअरिंगची पहिल्या सेमिस्टरची परीक्षा त्याच सुमारास. व्हीटीयूचं, म्हणजे तिच्या विद्यापीठाचं, वेळापत्रक पुढे-मागे झालं तर तारीख बदलावीच लागेल. रात्रीमागे चार-पाचशे जास्त गेले तरी रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. ७,५०० ची मर्यादा तेवढी सांभाळा.

यजमानांच्या मित्राने क्रेडिट कार्डाचा ईएमआय सुचवलाय, तो नको. प्रोसेसिंग फी लागते, व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि महिन्याचा एक हप्ता मागे लागतो.

उरलेल्या बारा हजारांचं. तुमचा घरखर्च महिना २८,००० आणि अडीअडचणीला बँकेत ६०,००० ची एफडी, म्हणजे दोन महिन्यांचीच सोय. ती निदान चार महिन्यांची हवी. हे बारा हजार तिकडेच जाऊ द्यात, आणि मशीनमुळे वाचणारे दरमहा २,००० सुद्धा. पिग्मी चालू ठेवा, रोज दारात येणारा एजंट असला की बचत मोडत नाही. पण सोसायटी म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही असतं, सोसायटीला नसतं. म्हणून वर्ष भरलं की रक्कम तिथेच पुन्हा ठेवू नका, बँकेत हलवा. आणि डिसेंबरच्या आधी गरज लागली म्हणून पिग्मी मोडू नका. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, वर काही ठिकाणी कापूनही घेतात. पासबुकावर मुदतीची तारीख आजच बघून ठेवा आणि हॉटेलची आगाऊ रक्कम त्यानंतरच भरा.