व्यंगचित्राने राजकारणात खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण निवडणुकीच्या निकालात शोधू नका.

मी कुडाळजवळचा. आमच्याकडे नळयोजना दोन वर्षं रखडली होती. शिमग्यात एका रात्री एसटी थांब्याजवळच्या फळ्यावर मी काजूची बी काढली, तिला चष्मा लावला, खाली कोरडा नळ. नाव कुठेच नाही. सकाळी पहिल्या गाडीला मासळीची पाटी घेऊन आलेली म्हातारी ओरडली, "अरे, हो तर आमचो सरपंच!" दहाच्या आत फळा पुसलेला. त्या उन्हाळ्यात पाणी आलं नाही ते नाहीच. पण पुढे ग्रामसभेत सरपंच बोलायला उठले की मागून कोणीतरी विचारायचं, "बी रुजली काय?" तोवर त्यांच्यासमोर कोणी ब्र काढत नसे.

ही युक्ती जुनीच. १८३१ साली पॅरिसमध्ये शार्ल फिलिपाँ या संपादकावर राजाची बदनामी केल्याचा खटला चालला. त्याने कोर्टाला चार चित्रं दाखवली: राजा लुई-फिलिपचा चेहरा हळूहळू नासपती होत जातो. सांगा, यातलं कुठलं गुन्हेगार? शिक्षा झालीच त्याला, पण नासपती शहरभर भिंतींवर उमटली.

आपल्याकडे लगेच बाळ ठाकरेंच्या 'मार्मिक'चं नाव निघतं. साप्ताहिक १९६०चं, शिवसेना १९६६ची, म्हणून सगळं श्रेय कुंचल्याला. मला ते पटत नाही. चित्रांमुळे अंक हातात घेतला जायचा. डोकं तापायचं ते कचेऱ्यांतल्या अमराठी नावांच्या याद्या वाचून. आणि त्या यादीतले लोक कोणी राजे नव्हते, बरेचसे साधे नोकरदार होते. तेव्हा व्यंगचित्र कायम दुबळ्याच्याच बाजूने असतं, असं मुळीच धरून चालू नका.

कधी पिंगुळीला गेलात तर चित्रकथी बघा. ठाकर कलाकार पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. चित्र मुकंच, बोलतो तो सांगणारा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकट्याने हसून पुढे ढकललेल्या व्यंगचित्राला हा सांगणाराच नसतो, म्हणून ते संध्याकाळपर्यंत विरून जातं. माझ्या बीला ती म्हातारी भेटली.

सरपंच पुढच्या खेपेलाही निवडून आले, हेही सांगून टाकतो. थांब्यावरचा चहावाला मात्र त्यानंतर मला खडू देईना.